भाकड गिटार

शनिवारी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास मी नगरमध्ये बेस गिटार विकत घेतली. त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता काष्टीत, मारुतीच्या देवळासमोर, शे-दीडशे माणसांदेखत ती वाजली नाही. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो.

पुढे मी आयुष्यभर बातमीदारी केली. आधी काय झालं ते सांगायचं, मग कसं झालं ते, आणि का झालं हे ठाऊक असेल तरच सांगायचं, ही सवय त्या धंद्यातली. त्या आठवड्याच्या बाबतीत का झालं हेही मला ठाऊक आहे. ते माझ्या आईने शोधून काढलं.

आमचं घर गावाबाहेर, लिंबाच्या बागेला लागून होतं. लिंबाच्या म्हणजे कागदी लिंबाच्या. श्रीगोंदा तालुक्यात हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. बहाराच्या दिवसांत पहाटेपासून पडवीत एकच आवाज असे: तोडलेली लिंबं डालग्यातून ताडपत्रीवर ओतल्याचा. त्यानंतर विहिरीवरच्या इंजिनाचा. शनिवारी या दोन्हींवर जनावरांच्या बाजाराचा आवाज चढे. बैल उतरवणारे टेम्पो, हेड्यांच्या, म्हणजे जनावरांच्या दलालांच्या, हाका, आणि दुपारनंतर तहानलेल्या जनावरांचं हंबरणं. घरात वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, आई आणि मी. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती कर्जतला गेली होती. शनिवारी आई हुलग्याची शेंगोळी करी, कारण बाजारातून कोण कधी जेवायला येईल याचा नेम नसे आणि शेंगोळ्यात पाणी वाढवलं तरी चालतं. लसूण आणि तिखट मात्र ती पाण्याच्या प्रमाणात वाढवत असे. त्यामुळे पाहुणे जितके जास्त, तितकं आमच्या नाकाडोळ्यांतून पाणी जास्त.

गावात लग्नाकार्यात वाजवणारी पाच जणांची एक पार्टी होती. तिचे प्रमुख नाना. व्यवसायाने शिंपी, वाद्य कीबोर्ड. एक गायक, एक ढोलकीवाला, एक तबल्यावर, आणि पाचवा मी. मी खुळखुळा वाजवत असे. खुळखुळ्याला कुणी नावं ठेवत नाही, पण त्याच्यावाचून कुणाचं अडतही नाही. दौंडला एका कार्यक्रमात पुण्याहून आलेल्या वाद्यवृंदात मी पहिल्यांदा बेस ऐकला. वाजवणारा मागे उभा होता, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं आणि बाकीचे सगळे त्याच्या चालीने चालत होते. त्यानंतर श्रीगोंद्याच्या एका शिक्षकांकडे वर्षभर जाऊन मी साधी गिटार शिकलो. बेसच्या चार तारा म्हणजे गिटारीच्या वरच्या चार जाड तारांचेच सूर, एक सप्तक खाली. हे त्यांनी सांगितलं, तेव्हा मला ते जमेल असं वाटलं. सायकल आणि घड्याळ विकून निम्मे पैसे मी उभे केले. निम्मे पार्टीने घातले. नानांना ते पटवायला मला दिवाळी ते संक्रांत एवढा वेळ लागला.

दुकान नगरच्या कापड बाजारामागच्या गल्लीत होतं. (शहराचं नाव आता बदललं आहे. आमच्याकडे माणसं तेव्हाही नगरला जात आणि आजही नगरलाच जातात.) दुकानदाराने काळ्या रेक्झिनच्या खोळीतून गिटार काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. पहिली जाणीव वजनाची होती. दुसरी लांबीची. डावा हात पहिल्या पट्टीपर्यंत न्यायला खांदा पुढे काढावा लागला. लाकडाच्या कडा गर्द तपकिरी होत्या आणि मध्याकडे येताना रंग पिवळा होत गेला होता. पोटावर पांढरी प्लॅस्टिकची पट्टी, दोन गोल बटणं, आणि डोक्याकडे एका ओळीत चार मोठ्या पितळी खुंट्या. सगळ्यात जाड तार सायकलच्या ब्रेकच्या तारेएवढी होती. दुकानदार म्हणाला, "नवी आहे, पण धाटणी जुनी. पहिल्यांदा निघाली तेव्हा अशीच होती. त्यात कुणी काही बदललं नाही, कारण बदलायची गरज पडली नाही." त्याने ती काउंटरखालच्या एका लाकडी पेटीला जोडली आणि म्हणाला, वाजवा. मी जाड तार मोकळी वाजवली. काउंटरची काच थरथरली. काचेखाली मांडलेल्या बासऱ्या एकमेकींना लागल्या. "आठ दिवसांत काही दोष निघाला तर आणा," तो म्हणाला. मी हो म्हणालो. दोष निघेल असं मला वाटलं नाही.

येताना यष्टीत कंडक्टरने खोळीवर बोट ठेवलं.

"काय हाय ह्यात?"

"गिटार."

"माणसाएवढी हाय की. अर्धं तिकीट लागंल."

"मांडीवर घेतो."

"मांडीवर घेतलं म्हंजी लेकरू हुत न्हाई."

मी अर्धं तिकीट काढलं.

नवं वाद्य गावात आलं की पहिला आवाज मारुतीला ऐकवायचा, अशी पार्टीची रीत होती. त्याआधी घरात वाजवायचं नाही. म्हणून मी घरी खोळ उघडली ती फक्त पूजेपुरती. आईने खुंट्यांना हळदकुंकू लावलं, तारांना लावू दिलं नाही म्हणून ती रागावली, आणि आमच्याच बागेतलं एक लिंबू उतरून बांधावर टाकून आली. तात्यांनी गिटार लांबून पाहिली. "ह्याच्यात सायकल गेली," एवढंच ते म्हणाले.

देवळासमोर मंडपवाले शिवाजीभाऊ आपला अँप्लिफायर घेऊन आले होते. देवळाच्या कडुनिंबावर त्यांचे दोन भोंगे कायमचे बांधलेले असत. आरती, दवंडी, लग्नाची गाणी, सगळं त्यांतूनच. बाजार उठत होता, त्यामुळे माणसं आयतीच जमली. नारळ फुटला. वायर जोडली. मी दुकानात वाजवली तीच जाड तार वाजवली. भोंग्यातून टक् असा आवाज आला. नख पत्र्यावर आपटल्यासारखा. दुसऱ्यांदाही टक्. मी चारही तारा वाजवल्या. चार वेळा टक् झालं.

"आवाज वाढवा," नाना म्हणाले.

"वाढवलाय की," शिवाजीभाऊ म्हणाले.

"अजून वाढवा."

त्यांनी बटण शेवटापर्यंत फिरवलं. एक भोंगा खरखरला, जळक्याचा वास आला आणि तो बंद पडला. मग बैलांच्या बाजारातला एक हेडी पुढे आला. त्याने गिटारीचं तोंड वर करून पाहिलं आणि विचारलं, "घेताना दात बघितलं व्हतं का?"

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "चार सड हायेत, पण धार एकाला न्हाई."

"भाकड हाय, भाकड!"

हे नाव तिथेच पडलं. सड म्हणजे आचळ, आणि भाकड म्हणजे दूध आटलेली गाय. पुढचा आठवडाभर मला गावात कुणी माझ्या नावाने हाक मारल्याची आठवण नाही. "काय भाकडवाले, निघाले का रानात?" अशीच हाक येई, पोरांकडून नव्हे तर चांगल्या मोठ्या माणसांकडून. मी थांबून उत्तर देत असे. न थांबता गेलो असतो तर नाव कायमचं चिकटलं असतं, असा माझा तेव्हाचा हिशेब होता.

नाना त्याच संध्याकाळी आपल्या शिंपीकामाच्या दुकानाच्या ओट्यावर बसून बोलले. ते कधी ओरडत नसत. "हे बघ दत्ता. शुक्रवारी मुलीकडचं मोठं लग्न हाय. तवा लग्नातल्या माणसाला हिचा आवाज ऐकू आला तर ठेव. तुला न्हाई, मला न्हाई, लग्नातल्या माणसाला. न्हाई आला तर शनिवारी पहिल्या यष्टीनं परत."

"आणि मी?"

"खुळखुळा मी काल तबलजीच्या भावाला दिला. तुझा तू बघ."

म्हणजे गिटार परत गेली तर पार्टीत मला जागा नव्हती. ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. त्या रात्रीची शेंगोळी मात्र दोन वेळा वाढून घेतली. आई नंतर अनेकदा सांगे की मी त्या दिवशी जेवलो नाही. तसं नाही. मी जेवलो.

रविवारी सकाळी मी पोटावरच्या पांढऱ्या पट्टीचे स्क्रू काढले. आतल्या तारा जोडलेल्या होत्या. कथिलाचा एकही डाग सुटलेला नव्हता. परत बसवलं. दुपारी ऊन टाळायला कोठीच्या खोलीत बसलो. तिथे बाजरीची पुरुषभर उंचीची पत्र्याची कोठी होती, त्या वेळी निम्म्याहून अधिक रिकामी. पाठ टेकायला जागा नव्हती म्हणून गिटारीची कड कोठीला टेकली आणि वायर न जोडताच जाड तार वाजवली. कोठीचं झाकण घुमलं. स्वयंपाकघरातून आई ओरडली.

"दत्ता, बघ रं, ट्रक दारात आलाय का?"

"ट्रक न्हाई. मी हाय."

ती पदराला हात पुसत आली. मी परत वाजवली. तिने कोठीवर तळवा ठेवला. मग काढला, परत ठेवला.

"मंग काल का न्हाई वाजली?"

"भोंग्यातनं येईना."

"भोंग्यातनं कसं यील?" ती म्हणाली. "मी बागेत लिंबं येचती तवा देवळातलं भजन भोंग्यातनं येतं न्हवं? टाळ ऐकू येत्यात. पखवाज कधी ऐकू आलाय का तुला?"

मी विचार केला. वीस वर्षं मी त्या बागेत ते भजन ऐकलं होतं. पखवाज एकदाही ऐकला नव्हता. देवळात बसलं की तो छातीत वाजतो आणि भोंग्यातून बाहेर पडताना फक्त टाळ आणि गळे उरतात. कारण साधं आहे, आणि आज कुठल्याही साउंडवाल्याला ते माहीत असतं: भोंगा खर्ज सोडत नाही. खर्जाला मोठा पडदा आणि मोठी पेटी लागते. नगरच्या दुकानदाराची पेटी लाकडी होती. गावात कुणाकडेच पेटी नव्हती, म्हणून गावात कुणालाच भोंग्यावर शंका आली नाही. नानांनाही नाही, शिवाजीभाऊंनाही नाही, मलाही नाही. शोध आईचा. ती गाणं-बजावणं असं काही शिकली नव्हती.

सोमवारी मी श्रीगोंद्याला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. बंद पडलेल्या तंबूच्या टॉकीजमधला एक स्पीकर त्यांच्याकडे पडून होता, परातीएवढा. कागद एका ठिकाणी फाटला होता, तो त्यांनी खळीने चिकटवून दिला. पेटी किती मोठी हवी, मागे भोक कुठे ठेवायचं, अँप्लिफायरला जोडायचं कुठे, हे त्यांनी वहीच्या कागदावर काढून दिलं. फळ्या इंचभर जाडीच्या हव्यात, पातळ फळी आवाज खाते, असं ते दोनदा म्हणाले. इंचभर जाडीच्या फळ्या आमच्या घरी एकाच ठिकाणी होत्या. ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यामागे उभ्या असलेल्या बैलगाडीच्या साट्याला, म्हणजे माल ठेवायच्या तळाला.

तात्या तेव्हा पडवीत लिंबांची प्रतवारी करत होते. मोठी एका बाजूला, मध्यम एका बाजूला, डागी तिसरीकडे. बोलताना त्यांचे हात थांबले नाहीत.

"गाडीच्या फळ्या पायजेत," मी म्हणालो.

"कशाला?"

"पेटी करायचीय. आवाजाला."

"आवाज पेटीत ठेवत्यात व्हय? मंग ऐकायचा कसा?"

"शुक्रवारी लग्नात या. कळंल."

"मोडकी हाय म्हणून बेवारस न्हाई ती गाडी."

"म्हणून तर इचारतोय."

त्यांनी चार-पाच लिंबं टाकली. "बहार संपोस्तर रोज पाचला बागेत यायचं. तोडायला, येचायला, भरायला. कार्यक्रम असू दे न्हाईतर नसू दे. एक दिवस खाडा झाला, तर पेटी बंबात."

"कबूल."

"तुझ्या आईसमोर म्हण."

मी आत जाऊन आईसमोर म्हणालो. ती म्हणाली, "पाचला उठवायला मी येनार न्हाई." त्या बहारात माझे दोन खाडे झाले. दोन्ही दिवशी ताप होता. तात्यांनी कपाळाला हात लावून खात्री करून घेतली आणि पेटी राहिली.

मंगळवारी आणि बुधवारी गावच्या सुतारांनी पेटी केली. सागवान पंचवीस वर्षं ऊन-पावसात राहूनही आतून ताजं निघालं, असं ते म्हणाले. ते खरं की मजुरी वाढवायला म्हणाले, हे मला ठरवता आलेलं नाही. पेटी कमरेएवढी उंच झाली. एका फळीवर चाबकाच्या दांडीने घासलेली खूण तशीच राहिली. उचलायला दोन माणसं लागत. गुरुवारी पेटी घेऊन मी शिवाजीभाऊंकडे गेलो. एक भोंगा जळाल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते.

"माझ्या मशीनला तुझी ती गाय बांधायची न्हाई," ते म्हणाले.

"भोंग्याला न्हाई जोडत. पेटीला जोडतो."

"आन् मशीन जळलं तर?"

मी श्रीगोंद्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो उभा-आडवा वाचला. मशीनच्या, म्हणजे अँप्लिफायरच्या, मागे, जिथे त्यांनी कधी वायर लावली नव्हती, तिथे दोन स्क्रू होते. कागदावरही तिथेच बाण होता. "हे स्क्रू कशाचं हायत हे मला बारा वर्षं कळलं न्हवतं," ते म्हणाले. ही कबुली त्यांनी मला दिली, आणि ती कुणाला सांगू नकोस असंही म्हणाले. ते वारल्यावर आता मी ती इथे लिहितो आहे. जोडून बघू या, असं मी सुचवलं. त्यांनी नकार दिला. "उद्याच. जळलं तर लग्नात जळंल, निदान चार माणसं साक्षीला असतील." त्यामुळे पेटी आणि मशीन लग्नाआधी एकत्र कधीच वाजवून पाहिली गेली नाहीत.

शुक्रवारचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं, गावाबाहेरच्या मोकळ्या रानात, मोठ्या मंडपात. मी दुपारी दोनलाच पोहोचलो. बोटांना सहा दिवसांत घट्टे पडले होते. त्यातला उजव्या तर्जनीचा फुटला होता, तिथे आईने हळद भरून चिंधी बांधली होती. चिंधीने तार मऊ वाजते हे मला कळलं होतं. मी ती सोडली आणि खिशात टाकली. नानांनी पेटीकडे पाहिलं, तिच्यावरच्या खुणेकडे पाहिलं. हेडीही आला होता, नवरीकडचा पाहुणा म्हणून. "भाकड आणली का?" त्याने लांबून विचारलं. "आणली," मी म्हणालो.

आज त्याच रस्त्याने मिरवणुका जातात तेव्हा ट्रॅक्टरवर पेट्यांची भिंत असते. घरांची तावदानं हलतात, म्हातारी माणसं दारं लावून बसतात. त्याविरुद्ध मी स्वतः बातम्या लिहिल्या आहेत. आता तक्रार उलट्या बाजूची आहे. त्या दिवशी मंडपात ती एकच पेटी होती.

अक्षता पडल्या. पंगत बसायला सुरुवात झाली. नानांनी मान हलवली आणि पहिलं गाणं सुरू झालं. मी मशीनचे ते दोन स्क्रू आणि शिवाजीभाऊंचा चेहरा आळीपाळीने पाहत वाजवत होतो. वास आला नाही. मला आवाज पायांतून कळत होता, पण मी पेटीच्या अगदी शेजारी होतो आणि माझं ऐकणं धरायचं नाही हे ठरलेलं होतं. नाना कीबोर्डवरून मान वर करून समोर बघत होते. समोर माणसं ताटं शोधत होती, पोरांना हाका मारत होती, एकमेकांना पान लावत होती. पहिलं गाणं संपलं. कुणी वळून पाहिलं नाही. ढोलकीवाला माझ्याकडे बघून ओठ मुडपून हसला.

दुसरं गाणं संथ होतं. मी जाड तारेवर राहिलो आणि बटण थोडं पुढे नेलं. पेटीपासून तीनेक हातांवर खुर्ची टाकून नवरदेवाचे मामा बसले होते. साठीचे, भगवा फेटा, हातात सरबताचा पेला. पहिल्या कडव्यात त्यांनी पेला खाली ठेवला. मग तळहात छातीवर ठेवला. शेजारच्या माणसाला ते म्हणाले, आणि हे मी स्पष्ट ऐकलं, "अय बापू, छातीत कायतरी हुतंय रं."

बापू उठला. दोघं-तिघं धावले. कुणी पाणी आणलं, कुणी फेटा सैल केला. "डाक्टरला बोलवा," असं एक बाई म्हणाली. नानांनी माझ्याकडे पाहिलं. थांब असं ते म्हणाले नाहीत, म्हणून मी थांबलो नाही. पण ओळीचा शेवट आला आणि तिथे बेसला चार मात्रा विसावा होता. त्या चार मात्रांत मामांनी छातीवरचा हात काढला. मी परत जाड तार वाजवली. मामांनी हात परत छातीवर नेला, मग तो हवेत धरला, मग वाकून पेटीच्या फळीवर ठेवला.

"ही व्हय!" ते म्हणाले. "आरं मला काय न्हाई झालं. ही पेटी हाय!"

बायका हसल्या. बापूने पाण्याचा तांब्या स्वतःच पिऊन टाकला. मामांनी फेटा नीट केला, खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, पेटीपासून दहा-बारा फूट लांब नेऊन ठेवली आणि पुन्हा बसले. गाण्याचं तेव्हा एक कडवं बाकी होतं. ते सुरू व्हायच्या आधी नाना कीबोर्डवरून मान न वळवता म्हणाले, "ठेव."